नळीतून मणके जोडताना केजमध्ये भरायचं काय?

कमरेच्या एकाच पातळीचं (म्हणजे मणक्यांच्या एकाच जोडीचं), नळीतून होणारं टीएलआयएफ, म्हणजे मधली चकती काढून दोन मणके जोडण्याचं ऑपरेशन, ठरलं की घरात चर्चा रंगते ती स्क्रू कुठल्या कंपनीचे याची. केजमध्ये, म्हणजे चकतीच्या जागी बसवायच्या पोकळ ठोकळ्यात, काय भरणार हे सहसा कोणी विचारत नाही. स्क्रू मात्र हाड जुळेपर्यंतचाच आधार; जुळलंच नाही तर ते ढिले पडू शकतात, तुटूही शकतात.

हाड जुळायला लागणाऱ्या जिवंत पेशी, वाढीचे संकेत आणि सांगाडा हे तिन्ही एकत्र असतं ते आपल्याच हाडात. कमरेच्या कडेचं हाड (खुब्याच्या वरच्या कडेतून काढलेलं) जुळायला उत्तम, पण काढल्या जागी काहींना महिनोन्‌महिने दुखतं. लहान छेदाचं ऑपरेशन निवडायचं आणि वर हा दुखवा ओढवून घ्यायचा, हे मला पटत नाही. नस मोकळी करताना मणक्यांमधल्या सांध्याचा जो तुकडा कापावाच लागतो, तो वापरावा. नळीतून तो निघतो मात्र थोडाच, आणि ड्रिलने घासला तर बराचसा भुगा होऊन सक्शनमध्ये जातो. छिन्नीने अख्खा काढून, मांस खरवडून बारीक केला तर पुष्कळ हाती लागतं.

तरी कमी पडलं तर भर घालायची. दात्याचं हाड मिळतं. मुंबईत टाटा मेमोरियलची टिश्यू बँक 1988 पासून गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेलं हाड पुरवते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारख्या सिरॅमिकमध्ये दात्याकडून संसर्ग येण्याची धास्ती नाही. दोन्हींत जिवंत पेशी नसतात, म्हणून स्वतःचं हाड किंवा मज्जा मिसळूनच वापरलेली बरी. स्क्रूसाठी सुई आत गेलेलीच असते, मज्जा तिथूनच ओढता येते.

राहिलं बीएमपी-2, म्हणजे हाड वाढायचा संकेत देणारं प्रथिन. हाड जोमाने वाढवतं, खिसाही जोमाने रिकामा करतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) 2002 मध्ये ते मंजूर केलं ते पोटाकडून होणाऱ्या ऑपरेशनसाठी. टीएलआयएफमधला वापर त्या मंजुरीबाहेरचा. नसेजवळ नको तिथे हाड वाढणं, पायात कळा, केजभोवतीचं हाड विरघळणं असे त्रास नोंदले गेलेत. मानेच्या ऑपरेशनात घशाला सूज येऊन जिवावर बेतू शकतं, हा इशारा एफडीएनेच 2008 मध्ये दिला. 2013 मध्ये दोन स्वतंत्र गटांनी ते बनवणाऱ्या कंपनीचा डेटा तपासला, तेव्हा दुखणं कमी होण्यात कमरेच्या हाडापेक्षा म्हणावा असा फरक दिसला नाही.

त्यामुळे पहिलंच ऑपरेशन, एकच पातळी, सिगारेट नाही, तर सांध्याचं हाड आणि थोडी भर पुरे. आधीचं जुळलेलं नाही, पातळ्या जास्त आहेत किंवा हाडं ठिसूळ आहेत, तरच कमरेचं हाड की बीएमपी हा वाद घालावा. सर्जन ‘फ्यूजन रेट’, म्हणजे शंभरात कितींचं हाड जुळतं ते, सांगतील तेव्हा तो एक्स-रेवरचा की सीटीवरचा, तेही विचारा. एक्स-रेवर जुळलेलं दिसणारं हाड सीटीत कधीकधी मधेच तुटक निघतं.