हिरवा स्टिकर आणि उडालेली शाई: २००४च्या मोटरहोमचा सहा महिन्यांचा अनुभव

जर्मनीतल्या बऱ्याच शहरांत धुरावर मर्यादा घातलेली क्षेत्रं आहेत, तिथे शिरायला गाडीच्या काचेवर हिरवा स्टिकर लागतो. आमची गाडी पात्र, आरसीवर धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची नोंद पक्की, काचेवर स्टिकर लावलेला. तरी जर्मनीत १०० युरोंचा दंड बसला, म्हणजे आपले जवळपास दहा हजार रुपये. कारण काय, तर स्टिकरवर पेनाने लिहिलेला गाडीचा नंबर उन्हाने उडून गेला होता. नंबर वाचता येत नाही म्हणजे स्टिकर नाही, असा तिथला हिशेब. उभ्या गाडीलाही तो लागू होतो. ड्रायव्हर समोर नसताना पावती वायपरखाली अडकवून जातात.

गाडी फियाट डुकॅटो, २.८ जेटीडी, पहिली नोंदणी २००४, युरो ३ (युरोपातला धुराचा मानक वर्ग, आपल्या बीएस-३सारखा), एकूण वजन ३५०० किलो, नंबर जर्मन. मुंबई-ठाण्यातल्या चार कुटुंबांनी मे ते ऑक्टोबर ती आळीपाळीने वापरली. गॅस, पाणी, फ्रिज, बिछाने यांबद्दल तक्रार नाही आणि त्यावर लिहिण्यासारखं नवीन काही नाही. या वयाच्या डिझेल गाडीचा खरा प्रश्न शहराच्या हद्दीवर सुरू होतो. तिथे आपल्या मुलुंड-दहिसरसारखा नाका नसतो. रस्त्याकडेला एक पाटी येते, तिच्याखाली हिरव्या स्टिकरचं चित्र असतं आणि आपण क्षेत्रात शिरलेलो असतो.

स्टिकर ८ सेंटीमीटरचा गोल, मधोमध काळा ४ आणि खाली नंबरासाठी पांढरी चौकट. उन्हात न उडणाऱ्या शाईने नंबर लिहावा असा नियमच आहे. ज्या तपासणी केंद्रातून आमचा स्टिकर घेतला, तिथे टेबलावरचा साधा मार्कर उचलून नंबर लिहिला. जूनमध्ये अक्षरं काळी होती, जुलैत जांभळट झाली, ऑगस्टच्या शेवटी शेवटचे दोन आकडे गेले आणि पेनाचा दाब तेवढा उरला. मोटरहोमची पुढची काच मोठी आणि तिरपी असते, गाडी एकाच जागी दिवसेंदिवस उन्हात तोंड करून उभी असते. त्यात रात्री आतून लावायचा चंदेरी थर्मल पडदा काचेला चिकटून बसतो, सकाळी त्यामागे दव साचतं आणि स्टिकरची कडा भिजते. तोच पडदा बाहेरून लावला तर स्टिकर झाकला जातो, म्हणजे पुन्हा दंडाला आमंत्रण. आपल्याकडच्या एचएसआरपीच्या (हाय सिक्युरिटी नंबर प्लेटच्या) काचेवर लावायच्या तिसऱ्या स्टिकरवर नंबर छापलेला येतो. ज्या देशात कागदाला इतका मान आहे तिथे हा नंबर हाताने लिहितात, ही गोष्ट सहा महिन्यांनंतरही पटलेली नाही.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. स्टिकर घेताना नंबर छापून मागा, बऱ्याच केंद्रांत ती सोय असते. सरकारी नोंदणी कार्यालयात किंवा तपासणी केंद्रात ५ ते ६ युरो लागतात. मध्यस्थांच्या संकेतस्थळांवर त्याच स्टिकरचे अनेकदा चौपट-पाचपट पैसे घेतात. काच आतून स्पिरिटने पुसा, पूर्ण कोरडी होऊ द्या, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात चिकटवून मधून कडेकडे दाबा. एकदा काढला की तो फाटतो, तसाच बनवलेला असतो. म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून सक्शन कपने लटकवू नका, ते चालत नाही. काच बदलली किंवा नंबर बदलला की स्टिकर नवा.

आता फिल्टर. मे महिन्यात या गाडीबद्दल आम्ही चौघांनी एकच मत दिलं होतं: नंतर बसवलेल्या पार्टिकल फिल्टरवर आधीच्या मालकाने पैसे वाया घालवले. ते मत मागे घेतो. जर्मनीत युरो ३ डिझेलला फिल्टरशिवाय पिवळा स्टिकर मिळतो आणि पिवळ्याला आता जवळपास कुठे किंमत नाही. फिल्टर बसवला की हिरवा. पण नुसता बसवून भागत नाही. गॅरेजने दिलेलं प्रमाणपत्र नोंदणी कार्यालयात नेऊन आरसीच्या २२ क्रमांकाच्या रकान्यात, शेऱ्यांत, नोंद करून घ्यावी लागते. जुनी गाडी विकत किंवा भाड्याने घेताना आधी हा रकाना वाचा, सायलेन्सर नंतर बघा.

हा फिल्टर उघड्या पद्धतीचा आहे. म्हणजे धूर अडला तर बाजूने जायला वाट असते, त्यामुळे तो एकदम तुंबून गाडी बंद पाडत नाही. पण दाब मोजणारा सेन्सर नसल्याने डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. चढावर गाडी सुस्त वाटली, डिझेल जास्त प्यायली, तर समजायचं. आठवड्यातून एकदा हायवेवर २०-३० मिनिटं एका वेगात, चौथ्या गिअरमध्ये चालवली की एक्झॉस्ट तापतो आणि काजळी बरीच जळते. इंटरकूलरचा (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या भागाचा) रबरी पाइप फाटला की काळा धूर वाढतो आणि फिल्टर लवकर भरतो, तो पाइप दर सर्व्हिसला हाताने दाबून पाहावा. फिल्टरच्या वजनाने सायलेन्सरची टांगती रबरंही तुटतात. आमची दोन तुटली. दोन्ही स्वस्तात बदलली.

हीच हिरव्या स्टिकरची गाडी लंडन-पॅरिसमध्ये मात्र अपात्र ठरते, आणि त्यात विसंगती नाही. जर्मन स्टिकर काजळीचे कण मोजून ठरवला आहे, ते फिल्टर अडवतो. लंडनचा डिझेलवरचा रोख नायट्रोजन ऑक्साइडवर आहे, त्याला हा फिल्टर काही करत नाही. फ्रान्सचा स्टिकर म्हणजे क्रिटएअर, त्यावर आकडा जितका मोठा तितकी गाडी जास्त प्रदूषण करणारी. त्यात गाडीचा मूळ युरो वर्ग किंवा पहिल्या नोंदणीची तारीख बघतात, फिल्टर धरत नाहीत. २००१ ते २००५मध्ये नोंदलेल्या डिझेल कारला क्रिटएअर ४. पॅरिसच्या ए-८६ रिंग रोडच्या आत १ जानेवारी २०२५पासून क्रिटएअर ३लाही बंदी आली, मग ४चा प्रश्नच नाही. म्हणून क्रिटएअरचे पैसे पाण्यात गेले असं आधी वाटलं. नंतर नियम नीट वाचला: हलक्या गाड्यांना बंदी सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते रात्री ८ अशी आहे. शनिवार-रविवारी ४वाली गाडीही जाऊ शकते, फक्त स्टिकर काचेवर हवा आणि त्या दिवशी प्रदूषणाचा इशारा नको. अधिकृत संकेतस्थळावर तो पाच युरोंच्या आसपास पडतो. पत्ता गाडीचा द्या, मुंबईचा नको, पोस्टाने वेळेत पोचायचा नाही. २०२५मध्ये फ्रान्सच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ही क्षेत्रंच रद्द करण्याच्या बाजूने मत दिलं आहे, म्हणून निघायच्या आठवड्यात नियम पुन्हा तपासा.

लंडनला स्टिकर नाही, कॅमेरे आहेत. २९ ऑगस्ट २०२३पासून यूलेझ (धूर जास्त सोडणाऱ्या गाड्यांकडून रोजचे पैसे घेणारं क्षेत्र) शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रभागांमध्ये, लागू आहे. ३.५ टनांपर्यंतच्या मोटरहोमला, युरो ६ डिझेल नसेल तर, दिवसाला १२.५० पौंड, म्हणजे चौदाशे-पंधराशे रुपये. दिवस मध्यरात्र ते मध्यरात्र. रात्री ११ला शिरून १ला बाहेर पडलात तर दोन दिवसांचे पैसे. दुसरा, जुना एलईझेडचा (कमी उत्सर्जन क्षेत्राचा) नियम लोक विसरतात: २.५ ते ३.५ टनांच्या मोटरहोमला युरो ३ची अट, नाहीतर दिवसाला १०० पौंड. आपली गाडी ती अट पाळते, पण परदेशी नंबर असल्याने आधी आरसी अपलोड करून नोंदणी करावी लागते. ३.५ टनांवरची जुनी गाडी तर नेऊच नका, तिथे आकडा १०० किंवा ३०० पौंडांचा आहे. एम-२५ रिंग रोड क्षेत्राबाहेर आहे, गाडी तिथल्या कॅम्पिंगला ठेवून ट्रेनने जा.

ब्रसेल्समध्ये युरो ३ डिझेलला बंदी. एका दिवसाचा पास ३५ युरो. जर्मन नंबरची गाडी असेल तर पात्र असो वा नसो, आधी नोंदणी करा, ती फुकट आहे.

बर्लिन मात्र मुंबईकरांना सोपं पडतं. तिथलं क्षेत्र म्हणजे एस-बान लोकलच्या गोल मार्गाच्या आतला भाग. गोलाबाहेर गाडी लावा, लोकल पकडा. नंबर उडाल्यावर नवा स्टिकर मिळेपर्यंत एका कुटुंबाने आठवडाभर असंच केलं आणि काही अडलं नाही.

आरटीओच्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर बी वर्ग म्हणजे ३५०० किलोच. आपल्या एलएमव्हीवर त्याहून जड गाडी चालते म्हणून तिथे चालेल असं समजू नका. छतावर सायकली आणि टाकीत पाणी भरलं की ही मर्यादा सहज ओलांडते.

नवा स्टिकर सप्टेंबरात लावला, नंबर छापून घेतला. ऑक्टोबरअखेर अक्षरं काळी आहेत, कडा कोरडी आहे. गाडी एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाताना आता गॅसच्या बाटलीबरोबर हेही बघतो: काचेसमोर तीन पावलांवर उभं राहून नंबर वाचायचा, फोटो काढायचा, मग किल्ली घ्यायची.