राजीनामा द्यावा की आत राहून ‘नाही’ म्हणावं?
मामेभाऊ सरकारी ऑफिसात, साहेब मागची तारीख टाकून सही कर म्हणतायत, काल विचारत होता काय करू.

राजीनाम्याचं उदाहरण चिंतामणराव देशमुख. १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. किंमत एकदाच मोजायची, आवाज मोठा, पण खुर्ची गेली की फाइल दुसऱ्याकडे (आणि तुझा राजीनामा पेपरात येणार नाही रे).

आत राहणारे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती खन्ना. १९७६, आणीबाणी, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येते का हा खटला, पाच न्यायाधीशांत एकटे सरकारच्या विरोधात, पुढच्या वर्षी सरन्यायाधीशपद हुकलं, मग त्यांनीही राजीनामा दिलाच, पण विरोधाचा कागद राहिला आणि २०१७ ला सुप्रीम कोर्टाने त्यांचंच बरोबर धरलं. ४१ वर्षं लागली!

घरात दुसरा पगार असेल, साहेबाचं तोंड बघवत नसेल तर सोड. हप्ते चालू असतील तर सही न करता फाइलवर दोन ओळी लिही, खाली आजचीच तारीख टाक.