मल्टिकल्चरल अमेरिकन फिक्शन-ड्रामा कोर्स: एका सेमिस्टरनंतर

इथे न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला संध्याकाळचा तीन क्रेडिटचा हा कोर्स केला, जानेवारी ते मे. सिलॅबस कॉलेजच्या साइटवर असतोच, तो परत लिहीत नाही. मला बोलायचंय ते कोर्सला लावलेल्या त्या जाडजूड साहित्य-संकलनाबद्दल. सेकंडहँड ४० डॉलरला घेतलं, मग कळलं की पुस्तक ऑनलाइन उघडायचा कोड वेगळा, अजून ६५. चला, तेही भरले. पण आत बघते तर बहुतेक सगळे नुसते उतारे!

लोरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' घ्या. १९५९ साली ब्रॉडवेवर आलेलं, कृष्णवर्णीय लेखिकेचं तिथे झालेलं पहिलं नाटक. पुस्तकात फक्त पहिला अंक. म्हणजे विम्याचा १०,००० डॉलरचा चेक घरात येतो, मुलाला दारूचं दुकान काढायचंय, आईला घर हवंय, आणि संपलं. मी पेपरात लिहिलं की हे पैशावरून होणाऱ्या कौटुंबिक भांडणाचं नाटक आहे. बी मायनस. नंतर लायब्ररीतून पूर्ण नाटक आणलं तेव्हा कळलं की लिंडनर दुसऱ्या अंकात येतो! गोऱ्या वस्तीतल्या संघटनेचा माणूस, अगदी नम्रपणे सांगतो की तुम्ही इथे येऊ नका, घर आम्ही जास्त पैसे देऊन परत घेतो. अख्खं नाटक ज्याच्यासाठी, तो माणूसच कापलेला. आणि हे हॅन्सबेरीच्या घरात घडलेलं, वडिलांनी १९३७ मध्ये शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं, केस सुप्रीम कोर्टात गेली, १९४० मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. यातलं काही पुस्तकात एका ओळीनेसुद्धा नाही.

चिडून प्रोफेसरबाईंना लांबलचक मेल लिहिली. तोपर्यंत माझं मत होतं की कोर्स घेऊच नका, दोन स्टार. पण त्यांनी उत्तर दिलं, लायब्ररीतून प्रती मागवल्या आणि तीन मंगळवार पूर्ण नाटक वर्गात मोठ्याने वाचून घेतलं. मला लिंडनर दिला. तो इतका गोड बोलतो की वाचता वाचता माझा आवाज अडकला, कारण पुण्यात आमच्या ओळखीतल्या एका मुस्लिम जोडप्याला एजंट असाच हसत म्हणाला होता, आमचं काही नाही हो, सोसायटीवाले नको म्हणतात. वर्गातल्या शिकागोच्या एक आजी म्हणाल्या, माझ्या आईवडिलांकडे असाच एक माणूस आला होता. त्या दिवसापासून मी चार स्टारवर आले.

बाकी, ऑगस्ट विल्सनचं 'फेन्सेस' पुस्तकात पूर्ण आहे, त्याचं कौतुक. बापलेकाचं भांडण वाचताना दोघांचंही पटतं. सँड्रा सिस्नेरोसचे छोटे तुकडे सुटे वाचले तरी चालतात, तिथे उतारे खटकले नाहीत.

पण जॉन ओकाडाच्या 'नो-नो बॉय' या कादंबरीचंही एकच प्रकरण! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यानंतर लष्करात जायला नकार देऊन तुरुंगात गेलेल्या पोराची ही गोष्ट. १९५७ साली १,५०० प्रती छापल्या आणि १९७१ मध्ये ओकाडा वारले तोवर त्याही खपल्या नव्हत्या. एवढी उपेक्षा झालेल्या पुस्तकाचं निदान आता तरी पूर्ण वाचन व्हायला हवं होतं ना.

जूनमध्ये कोड संपला, त्याबरोबर मी समासात टाइप केलेल्या सगळ्या नोट्स गेल्या. कंपनीला दोनदा फोन केला, नूतनीकरण करा म्हणतात, परत पैसे. त्यामुळे कोणी हा कोर्स घेत असाल तर प्रोफेसर कोण आहेत ते आधी विचारा, कोड घेऊ नका, आणि पहिल्याच आठवड्यात पूर्ण नाटकं लायब्ररीत होल्डवर टाका (म्हणजे आपल्या नावाने राखून ठेवायला सांगा), रांग मोठी असते. माझा 'नो-नो बॉय' काल आला, त्यातला तो पोरगा, इचिरो, सिएटलला बसमधून उतरतोय तिथे आहे मी.