संशोधनपद्धतींचा एक प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम : प्रयोग उत्तम, सहसंबंध घाईत

मानसशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या बहुतेक अभ्यासक्रमांत ‘संशोधनपद्धती’ हे प्रकरण जकातनाक्यासारखे येते. ते ओलांडल्याशिवाय स्मृती, भावना आणि व्यक्तिमत्त्व या रंजक भागांत शिरता येत नाही, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही ते उरकून टाकतात. मी नुकताच पूर्ण केलेला हा ऑनलाइन अभ्यासक्रम मात्र केवळ या एकाच प्रकरणाला वाहिलेला आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याचे आणखी बरेच अभ्यासक्रम उपलब्ध आहेत आणि येथे लावलेल्या कसोट्या त्यांनाही लावता येतील.

यातील सर्वांत सरस विभाग प्रयोगपद्धतीचा आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेले, मोटार अपघातांच्या चित्रफितींवर आधारलेले प्रयोग येथे निष्कर्षापासून नव्हे, तर प्रश्नापासून शिकवले आहेत. साक्षीदाराला विचारलेल्या प्रश्नातील एखादा शब्द बदलला तर त्याची आठवण बदलते का, हे तपासायचे असल्यास तुम्ही काय बदलाल, काय मोजाल आणि काय स्थिर ठेवाल, याचे उत्तर लिहून पाठवल्याशिवाय पुढचे पान उघडतच नाही. त्यानंतर कळते की संशोधकांनी फक्त क्रियापद बदलले, म्हणजे ते स्वतंत्र चल, आणि सहभागी व्यक्तींनी सांगितलेला वेगाचा अंदाज मोजला, म्हणजे तो अवलंबी चल. गाड्यांचा ‘चक्काचूर झाला’ अशा अर्थाचे क्रियापद ऐकणाऱ्यांचा सरासरी अंदाज ताशी सुमारे ४१ मैल होता, तर गाड्या एकमेकींना नुसत्या ‘लागल्या’ असे ऐकणाऱ्यांचा ३१.८ मैल.

येथेच थांबणे सोपे होते. पण पाठ लगेच शंका उपस्थित करतो की आठवण बदललीच नसेल, लोकांनी केवळ शब्दाचा रोख ओळखून आकडा वाढवून सांगितला असेल, तर? या शंकेला उत्तर म्हणून दुसरा प्रयोग समोर येतो. त्यात नव्या सहभागी व्यक्तींना अपघाताची चित्रफीत दाखवून आठवड्यानंतर फुटलेली काच पाहिल्याचे आठवते का, असे विचारण्यात आले. प्रत्यक्षात चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच. तीव्र क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी ‘हो’ म्हटले, ‘धडकल्या’ असे सौम्य क्रियापद ऐकलेल्यांपैकी ७ जणांनी, आणि वेगाविषयी प्रश्नच न विचारलेल्या नियंत्रित गटातील ५० पैकी ६ जणांनी. नियंत्रित गट कशासाठी लागतो, हे व्याख्या पाठ करून जितके कळत नाही, तितके हे तीन आकडे शेजारी ठेवल्यावर कळते.

संशोधकाच्या अपेक्षेचा परिणाम समजावताना ‘हुशार हान्स’ या गणिते सोडवणाऱ्या जर्मन घोड्याचे उदाहरणही नेमके वापरले आहे. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल तर हान्सची हुशारी नाहीशी होते, हे ऑस्कर फुंगस्ट यांनी दाखवून दिले होते, आणि तेथून द्विअंध प्रयोगाची (ज्यात कोण कोणत्या गटात आहे हे सहभागी आणि निरीक्षक दोघांनाही ठाऊक नसते) गरज आपोआप पुढे येते.

याच्या तुलनेत सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत कमी-जास्त होतात का हे पाहण्याचा, विभाग निराशाजनक आहे. ‘सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे’ हे वाक्य तेथे मंत्रासारखे अनेकदा येते. परंतु का नव्हे, याची फोड अपुरी आहे. झोप आणि परीक्षेतील गुण यांच्यात संबंध आढळला, तर चांगल्या झोपेमुळे गुण वाढत असतील, अभ्यास नीट झाल्याने झोप लागत असेल किंवा मनातील काळजी दोहोंवर परिणाम करत असेल; या तीन शक्यता वेगळ्या काढून दाखवणे एवढेच काम होते. सहसंबंधाचा गुणांक −१ ते +१ असतो आणि त्याचे चिन्ह फक्त दिशा सांगते; म्हणून तो −०.७ असेल तर तो +०.४ पेक्षा बळकट संबंध दर्शवतो, ही नवख्यांना हमखास चकवणारी गोष्ट एका तक्त्याच्या तळटीपेत गेली आहे.

याहून गंभीर चूक चाचणीत आहे. ‘यादृच्छिक नमुना निवडल्यामुळे प्रायोगिक आणि नियंत्रित गट समतुल्य होतात’ हे विधान उत्तरसूचीत बरोबर धरले आहे. वस्तुतः लोकसंख्येतून नमुना यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखा, निवडल्यास निष्कर्ष त्या लोकसंख्येला लागू करता येतो. गटांची समतुल्यता साधते ती निवडलेल्या व्यक्तींची गटांमध्ये यादृच्छिक वाटणी केल्यामुळे. पद्धतिशास्त्राच्या अभ्यासक्रमाने याच दोन गोष्टींची गल्लत करावी, हे खटकते. तक्रार नोंदवल्यावर पोच मिळाली, दुरुस्ती अद्याप झालेली नाही.

स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या आज्ञापालनाच्या प्रयोगाची मांडणीही एकांगी वाटली. त्यात संशोधकाच्या सूचनेवरून सहभागी व्यक्तींनी दुसऱ्या माणसाला वाढत्या तीव्रतेचे, प्रत्यक्षात खोटे, विजेचे धक्के द्यायचे होते. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हा १९६३ चा आकडा ठळकपणे येतो; पण सूचना दूरध्वनीवरून दिल्या तेव्हा शेवटपर्यंत जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक पंचमांशावर घसरले, हे कोठेच नाही. परिस्थितीतील एक घटक बदलून फरक मोजणे हाच त्या संशोधनमालेचा गाभा असताना केवळ सनसनाटी आकडा राखून ठेवण्यात काय साधले? नैतिकतेचा भाग मात्र ठीक आहे. संमती, माघारीचा हक्क आणि प्रयोगानंतरचा खुलासा यांची चर्चा थोडक्यात पण नेटकी आहे.

पुनरावृत्तीच्या प्रश्नाला एकच छोटी चित्रफीत मिळाली आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या सामूहिक प्रकल्पात १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले असता, मूळच्या ९७ टक्के अभ्यासांत सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय (निव्वळ योगायोग म्हणून सहज झटकता न येणारे) निष्कर्ष होते, तर पुनरावृत्तीत ते ३६ टक्क्यांतच मिळाले, एवढे सांगून निवेदक पुढे जातो. लहान नमुने, फक्त सकारात्मक निष्कर्षच छापण्याची प्रवृत्ती आणि आकडे पाहून मग गृहीतक बेतण्याची सवय ही कारणे सांगायला हवी होती.

शेवटच्या कामात स्वतः संशोधन आराखडा तयार करून सहाध्यायींचे आराखडे तपासायचे असतात. तपासणीचे निकष स्पष्ट आहेत. विशेषतः ‘आक्रमकता’ किंवा ‘एकाग्रता’ असा मोघम शब्द वापरल्यास तो नेमका कसा मोजणार, हे लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत. सांख्यिकीची थोडी पार्श्वभूमी असलेल्यांनी हा अभ्यासक्रम जरूर करावा. अगदी नवख्यांनी सहसंबंधाचा भाग आधी एखाद्या चांगल्या पाठ्यपुस्तकातून वाचावा आणि चाचणीतील उत्तरसूचीवर डोळे झाकून विसंबू नये.