सांगलीत राहून मेटलचे फोटो, की पुण्यात बिऱ्हाड?

रॉक आणि मेटल, म्हणजे दणदणीत गिटारच्या संगीताच्या कॉन्सर्टची फोटोग्राफी करायची म्हटली की सांगली-मिरजेच्या पोरांपुढे दोन वाटा असतात. इथे लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या आणि कॉन्सर्टपुरतं पुण्या-मुंबईला जायचं, नाहीतर थेट पुण्यात खोली करायची. मी पहिली वाट धरली, त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघड आहे.

पैशाचा हिशेब सोपा आहे. नवख्याला बँडकडून बहुतेक वेळा पास आणि शाबासकी मिळते. सांगलीत घरभाडं नाही, लेन्सचे हप्ते लग्नसराईत फिटतात. पुण्यात पहिल्या महिन्यापासून भाडं आणि डबा. मग तिथेही लग्नंच करावी लागतात, तीही ओळखीपाळखीशिवाय.

अडचण तारखांची. तुळशीचं लग्न लागलं की इथे ऑर्डरी सुरू, आणि मोठे म्युझिक फेस्टिव्हलही नेमके थंडीतच. मुंबईतलं लोलापलूझा २०२३ साली सुरू झालं तेही जानेवारीत. हातची ऑर्डर सोडताना मला अजून त्रास होतो.

हात बसायला मात्र सांगली कमी नाही. मिरजेच्या गणपती विसर्जनात रात्रभर कॅमेरा घेऊन फिरा. धूर, रंग बदलणारे लाइट, गर्दीचे धक्के, सगळं मेटलच्या स्टेजसारखं. शटरचा वेग सेकंदाच्या १/२५० च्या खाली आला की केस उडवणारा गिटारिस्ट पुसट होतो. म्हणून लेन्स मोठी उघडी (एफ २.८), उजेडाची संवेदनक्षमता म्हणजे आयएसओ ३२०० ते ६४००, फ्लॅश बंद. लाल उजेड चेहरा खाऊन टाकतो, तेव्हा रॉमध्येच, म्हणजे नंतर रंग सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्येच काढा. लेसर थेट लेन्समध्ये घेऊ नका, सेन्सर जळतो. मोठ्या कॉन्सर्टला स्टेजसमोर बहुधा पहिली तीनच गाणी उभं राहू देतात. अंतरपाट दूर होतानाचा फोटो ज्याने कधी चुकवला नाही, त्याला तेवढा वेळ पुरतो.

पुणे जिंकतं ते माणसांच्या बाबतीत. रॉस हाफिन हा ब्रिटिश फोटोग्राफर आयर्न मेडन, मेटालिका या मेटल बँडसोबत वर्षानुवर्षं राहिला, म्हणून स्टेजमागचे फोटो त्याला मिळाले. तशी ओळख रिहर्सलच्या खोलीत आणि आडवारच्या छोट्या गिगला, म्हणजे बँडच्या कार्यक्रमाला होते. त्यासाठी सव्वादोनशे किलोमीटर कोण जाणार? मी शनिवारच्या गिगनंतर मध्यरात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडतो, सकाळी मिरजेत. बुधवारी ते जमत नाही.

म्हणून माझं मत: पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायला चांगल्या फोटोंचा संग्रह नसेल तर सांगली सोडू नका. दोन-तीन बँड आपणहून फोन करू लागले की मग मात्र थांबू नका, जा.

कुठेही राहा, बोलणी लेखी करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोची मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. माझा एक फोटो एका बँडच्या टी-शर्टवर छापून विकला गेला. मला तो गर्दीतल्या एका मुलाच्या अंगावर दिसला.