रेनॉक्स डीसीआर-२५० : झूम लेन्सवर लावून कीटक टिपल्यानंतरचा अनुभव

मॅक्रोची, म्हणजे अगदी जवळून लहान वस्तू टिपणारी, स्वतंत्र लेन्स न घेता हाताशी असलेल्या झूम लेन्सपुढे रेनॉक्सचे डीसीआर-२५० हे क्लोज-अप भिंग लावून मी पावसाळ्यापासून आंब्याच्या मोहोरापर्यंत कीटकांची छायाचित्रे घेतली. कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅनन, लेन्स ५५-२५० मिमी, माथ्यावर एक छोटा फ्लॅश आणि त्यापुढे घरी तयार केलेला डिफ्युजर (प्रकाश पसरवून मऊ करणारा पडदा) एवढाच सरंजाम आहे. बहुतेक काम सावंतवाडीच्या आसपासच्या काजू-आंब्याच्या बागांत आणि थोडे आंबोलीला झाले. या भिंगाचा उल्लेख बहुधा ‘स्वस्तातला मॅक्रो’ एवढ्यावरच संपतो. त्याचे काम मात्र मॅक्रो लेन्सपेक्षा वेगळ्या नियमांनी चालते आणि ते नियम ध्यानात घेतल्याशिवाय त्याची खरी किंमत कळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

हे आठ डायॉप्टरचे (डायॉप्टर हे भिंगाच्या शक्तीचे एकक) भिंग आहे, म्हणजे त्याचे नाभीय अंतर (फोकल लेंथ) १२५ मिमी आहे. झूम लेन्स अनंतावर फोकस केली असता मिळणारे वर्धन, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट हे, काढण्यासाठी लेन्सच्या नाभीय अंतराला १२५ ने भागले की पुरते. २५० मिमीला दोन पट, २०० मिमीला १.६ पट, १०० मिमीला ०.८ पट. सेन्सरची रुंदी २२ मिमीच्या आसपास असल्यामुळे दोन पट वर्धनाला चौकटीत फक्त ११ मिमी रुंदीचे दृश्य मावते. पाच-सहा मिलिमीटरचा ढालकिडा तेवढ्यात निम्मी चौकट व्यापतो. नेहमीची मॅक्रो लेन्स एकास एक प्रमाणापाशी, म्हणजे एक पट वर्धनापाशी, थांबते, हे लक्षात घेतले तर या छोट्या काचेची मजल ध्यानात येईल. भिंगासोबत मिळणारा चाप ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या लेन्सवर बसतो. माझ्या लेन्सचा व्यास ५८ मिमी असल्याने वेगळी रिंग घ्यावी लागली नाही. झूम फार आखूड केली की चौकटीचे कोपरे काळे पडतात, पण त्या वर्धनाची गरज मला क्वचितच पडली.

या भिंगाचा खरा स्वभाव म्हणजे त्याचे अंतर. झूम कितीही असो, भिंगाच्या पुढच्या काचेपासून साधारण १२ सेंटिमीटरवर असलेली वस्तूच स्पष्ट दिसते. लेन्सची फोकस रिंग पूर्ण फिरवली तरी हे अंतर जेमतेम दोनएक सेंटिमीटरने कमी होते. याचा एक फार मोठा फायदा आहे. कीटकाकडे सरकताना थांबायचे कुठे हे शरीराला हळूहळू पाठ होते, आणि एकदा तिथे पोहोचल्यावर जागा न सोडता झूम फिरवून आधी संपूर्ण कीटक आणि मग केवळ त्याचे डोके टिपता येते. मॅक्रो लेन्सला वर्धन वाढवायचे तर आणखी जवळ जावे लागते, आणि नेमक्या त्याच क्षणी कीटक उडून जातो. मी फोकस रिंगला हात लावत नाही. लेन्स मॅन्युअलवर अनंताला ठेवून स्वतः केसभर पुढे-मागे होत राहतो आणि डोळ्याचे पृष्ठ स्पष्ट दिसताच बटण दाबतो. ऑटोफोकस या अंतरावर मला भरवशाचा वाटला नाही.

ॲपर्चरविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मॅक्रोसंबंधीचा बहुतेक सल्ला मॅक्रो लेन्स डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. मॅक्रो लेन्स जसजशी जवळ फोकस होते तसतसा तिचा प्रत्यक्ष एफ-आकडा (ॲपर्चरचे माप; आकडा जितका मोठा तितके छिद्र लहान) वाढत जातो. एकास एक प्रमाणाला तो साधारण दुप्पट होतो आणि दोन पटीला तिप्पट. म्हणजे लेन्सवर एफ/८ लावले असले तरी दोन पट वर्धनाला परिणाम एफ/२४ चा मिळतो, आणि त्याहून पुढे गेल्यास विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) चित्र मऊ पडू लागते. अनंतावर फोकस केलेल्या झूमपुढे क्लोज-अप भिंग लावल्यास असे काही घडत नाही. तिथे एफ/१६ म्हणजे खरोखरीच एफ/१६ राहते आणि प्रकाशही वाया जात नाही. त्यामुळे ‘एफ/८ ते एफ/११ च्या पुढे जाऊ नका’ हा सल्ला येथे जसाच्या तसा लावला तर ढेकण्याचा (काजूवरच्या एका रसशोषक किडीचा) एक डोळा स्पष्ट आणि बाकीचे सारे धूसर, असेच छायाचित्र मिळते. दोन पट वर्धनाला एफ/१६ वर डेप्थ ऑफ फील्ड (स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली) एका मिलिमीटरच्या जेमतेम सहाव्या भागाइतकी असते. एफ/२२ वर ती पाचव्या भागाच्या किंचित पुढे जाते. म्हणून मी सर्रास एफ/१६ ते एफ/२२ वापरतो. मोठ्या पडद्यावर शंभर टक्के आकारात पाहिल्यास एफ/२२ चा मऊपणा जाणवतो, परंतु ए-४ आकाराच्या छपाईत मला तो खटकला नाही. एवढ्या लहान ॲपर्चरला सेन्सरवरची धूळ मात्र प्रत्येक चित्रात काळसर ठिपक्यांच्या रूपाने उमटते, तेव्हा बागेत उभे राहून लेन्स बदलणे टाळलेलेच बरे.

एफ/१६ वर हातात धरून काम करायचे म्हटल्यावर फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर एक-अष्टमांश ते एक-षोडशांश शक्तीवर, अशी माझी ठरलेली मांडणी आहे. कमी शक्तीवर फ्लॅशची लखलख अत्यंत अल्पकाळ टिकते आणि हाताचा कंप व कीटकाची हालचाल दोन्ही तीच गोठवते. लेन्समधील स्थिरीकरण चौकट जुळवायला उपयोगी पडते, चित्राचा नेटकेपणा मात्र फ्लॅशमुळेच येतो. शक्ती कमी ठेवल्याने फ्लॅश पुढच्या फ्रेमसाठी लगेच सज्ज होतो आणि चार्ज होणारे पेन्सिल सेल एका सकाळीला आरामात पुरतात.

या संपूर्ण संचात सर्वाधिक फरक कशामुळे पडला असेल तर तो डिफ्युजरमुळे, आणि हे मी भिंगाचा अनुभव लिहीत असूनही ठामपणे सांगतो. भुंगेऱ्याचे पंखकवच, मुंगीचे डोके, माशीचे डोळे ही सगळी गुळगुळीत पृष्ठे आहेत. त्यांवर प्रकाशाच्या उगमाचेच प्रतिबिंब दिसते. उघड्या फ्लॅशने पांढरा चरचरीत ठिपका येतो आणि त्याखालचा रंग व पोत कायमचा नाहीसा होतो. उगम कीटकाच्या तुलनेत मोठा आणि जवळ असेल तर तेच प्रतिबिंब पसरते आणि रंग मोकळा दिसू लागतो. विषय १२ सेंटिमीटरवर ठरलेला असल्यामुळे डिफ्युजर त्या एकाच अंतरासाठी बेतता येतो, ही या भिंगाची मला सर्वांत आवडलेली सोय आहे. अडचण एवढीच की ही झूम लेन्स फिरवली की नळी लांबते. त्यामुळे लेन्सला बांधलेला डिफ्युजर दर वेळी जागा बदलतो. मी तो फ्लॅशला जोडला. आतून चांदीचा कागद लावलेला पुठ्ठ्याचा बोगदा २५० मिमीला लांबलेल्या नळीच्याही पुढे नेला आणि त्याच्या तोंडावर ट्रेसिंग पेपर व पॅकिंगमधला पातळ पांढरा फोम असे दोन थर थोडे अंतर ठेवून लावले. दोन थरांमधली ही पोकळी महत्त्वाची आहे, कारण ती नसेल तर मध्यभागी उजळ डाग उरतो. प्रकाश वरूनच येत असल्याने कीटकाचे पोट अंधारात राहते. तिथे खाली धरलेला पांढऱ्या कागदाचा तुकडा पुरेसा होतो. पार्श्वभूमी काळीकुट्ट येऊ नये यासाठी कीटकाच्या मागे दोन-चार सेंटिमीटरवर एखादे पान येईल असा कोन मी शोधतो.

बागांमधल्या विषयांना हा संच फार चांगला मानवला. काजूच्या नव्या पालवीवर येणारा ढेकण्या सहा-सात मिलिमीटरचा असतो आणि त्याच्या पाठीवर टाचणीसारखा उभा काटा असतो. बागायतदार त्याला रोज पाहतात, पण तो काटा दोन पट वर्धनात पहिल्यांदा दाखवल्यावर शेजारच्या बागेतले काका कितीतरी वेळ कॅमेऱ्याचा पडदा सोडायला तयार नव्हते. मोहोरावरचे तुडतुडे त्याहून लहान. ते चाहूल लागताच देठाच्या पलीकडे सरकतात, त्यामुळे डाव्या हाताने डहाळी धरून आणि त्याच हातावर लेन्स टेकवून ती डहाळी हळूच वळवावी लागते. हात आणि डहाळी एकत्र हलत असल्याने वाऱ्याचा त्रासही निम्म्याने कमी होतो. पाने शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांचे काम सर्वांत विलक्षण. कामकरी मुंग्या अळ्यांना जबड्यात धरून त्यांच्या रेशमाने पानांच्या कडा सांधतात. हे पाहायला १२ सेंटिमीटर अगदी योग्य अंतर आहे, फक्त तेवढ्या वेळात मुंग्या डिफ्युजरवरून मनगटापर्यंत पोहोचतात हे गृहीत धरावे.

थंडीतल्या पहाटे शिकारी माश्या दवाने भिजून निश्चल बसलेल्या असतात. त्या वेळी तीन-चार फ्रेम वेगवेगळ्या फोकसने हातानेच घेऊन झेरीन स्टॅकर किंवा हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करता येतात. ही निश्चलता मिळवण्यासाठी कीटक फ्रिजमध्ये ठेवण्याचा मार्ग काही जण सुचवतात. मला तो सर्वथा अमान्य आहे. पहाटे लवकर उठणे एवढाच त्यावरचा प्रामाणिक उपाय आहे. ओळख पटावी म्हणून माशीचे एक छायाचित्र पंखांच्या शिरा स्पष्ट दिसतील असे बाजूने घ्यावे. समोरून घेतलेला चेहरा देखणा दिसतो, पण जातीचा माग लावायला बहुधा शिराच उपयोगी पडतात.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. भिंग लावलेले असताना १२ सेंटिमीटरच्या पलीकडचे काहीच टिपता येत नाही, आणि काढल्यावर माझी झूम लेन्स ८५ सेंटिमीटरच्या आत फोकस होत नाही. या दोन्हींमधला प्रदेश पूर्ण मोकळा राहतो. चतुर, सावध फुलपाखरे, जमिनीवर धावणारे टायगर बीटल नेमके त्या प्रदेशात असतात. पूर्ण वाढलेला खंडोबाचा किडाही (प्रार्थना कीटक) चौकटीत मावत नाही. यासाठी त्याच कंपनीचे ४.८ डायॉप्टरचे डीसीआर-१५० अधिक योग्य ठरते. त्याचे अंतर साधारण २० सेंटिमीटर आहे आणि २५० मिमीला १.२ पट वर्धन मिळते. मित्राकडून काही आठवडे वापरायला आणलेल्या १०० मिमीच्या मॅक्रो लेन्सवर मात्र पाचसहा फुटांवरच्या चतुरापासून सुरुवात करून काहीही न बदलता एकास एकपर्यंत जाता आले. ती सलगता या भिंगाला कधीही मिळणार नाही.

आंबोलीच्या पावसात भिंगावर सतत बाष्प धरते. सुती कापड जवळ ठेवावे आणि घरी आल्यावर सामान बंद बॅगेत मुळीच ठेवू नये, कारण कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. मी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा वापरतो आणि दाण्यांचा निळा रंग गुलाबी झाला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरतो.

ज्यांच्याकडे २०० मिमीच्या पुढे जाणारी झूम लेन्स आधीपासून आहे आणि ज्यांना मुंग्या, तुडतुडे, ढालकिडे, माश्या यांत रस आहे, त्यांनी आधी हे भिंग घ्यावे आणि वाचलेल्या पैशांतून फ्लॅश घ्यावा. ज्यांचे मन चतुर-फुलपाखरांत आहे त्यांनी थोडे थांबून मॅक्रो लेन्सच घ्यावी, मग दोन पटीची गरज पडेल तेव्हा हेच भिंग तिच्यापुढेही लावता येते.