ओल्ड इंग्लिश शीपडॉग की बिअर्डेड कोली?

लांब केसांचा मेंढपाळी कुत्रा घरी आणायचा विचार पक्का झाला की बऱ्याच जणांचं घोडं या दोन जातींपाशी अडतं. फोटोत दोघं सख्खे भाऊ वाटतात. डोळ्यांवर आलेले केस, हनुवटीला दाढी, करड्या-पांढऱ्या रंगाचं अंग. सोबत राहायला मात्र ते फार वेगळे आहेत. माझं मत आधीच सांगते: ओल्ड इंग्लिश तुमच्या हातांना कामाला लावतो, बिअर्डेड कोली पायांना. यातलं काय तुम्ही रोज, वर्षानुवर्षं देऊ शकता, हे आधी बघा.

उंचीत फारसं अंतर नाही. बिअर्डेड कोली खांद्यापाशी साधारण ५१ ते ५६ सेंटिमीटर भरतो, ओल्ड इंग्लिश ५६ किंवा त्याहून थोडा जास्त. वजनात मात्र मोठा फरक आहे. कोली १८ ते २७ किलोंचा, तर ओल्ड इंग्लिश २७ ते ४५ किलोंपर्यंत जातो. म्हातारपणी मागचे पाय लटपटू लागले की एवढा कुत्रा उचलून गाडीत ठेवायचा आहे, हे आजच लक्षात घ्या. आयुष्य ओल्ड इंग्लिशचं साधारण १० ते १२ वर्षं, कोलीचं १२ ते १४.

आता केस. खरी परीक्षा इथेच आहे.

दोघांनाही दोन थर असतात: वर लांब, राठ केस आणि खाली मऊ लव. कोलीचे केस अंगासरशी खाली पडतात, ओल्ड इंग्लिशचे फुलून उभे राहतात आणि लवही दाट. म्हणून ओल्ड इंग्लिशसाठी आठवड्याला तीन-चार तास बाजूला काढावे लागतात. कोलीचं त्याहून बऱ्याच कमी वेळात भागतं. वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. कुत्र्याला कुशीवर झोपवायचं, केसांचा एक थर हाताने वर धरायचा आणि खालचा थर मुळापासून विंचरायचा, मग पुढचा थर. शेवटी धातूचा कंगवा अडखळल्याशिवाय कातडीपर्यंत गेला पाहिजे. कानामागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि शेपटीखाली गुंता आधी होतो. आंघोळ नेहमी गुंते सोडवल्यावरच. ओला गुंता आवळत जातो आणि त्याची जट होते. जटेखाली ओल राहिली की कातडी लाल होते, कुत्रा रात्रंदिवस खाजवत बसतो. ते बघवत नाही.

सगळ्यात कठीण काळ पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे येतात तेव्हाचा. तेव्हा रोज विंचरलं तरी दुसऱ्या दिवशी गुंता सापडतो. वेळ नसेल तर केस दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत कापून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. कातडीपर्यंत भादरू मात्र नका, ऊन थेट कातडीला लागतं. आणि दोरखंडासारख्या केसांच्या पुली जातीची कुत्री घेतली की विंचरण्यातून सुटलो, असंही समजू नका. तिच्या दोऱ्या हातानेच सुट्या करत राहाव्या लागतात आणि आंघोळीनंतर त्या वाळायला दिवस-दीड दिवसही लागतो.

स्वभावातला फरक मूळच्या कामातून आला आहे. ओल्ड इंग्लिश इंग्लंडमध्ये गुरं-मेंढ्या बाजारापर्यंत हाकत नेणारा, लांबची वाट सावकाश चालणारा. घरात तो तुलनेने शांत असतो, पण रोज तासभर फिरणं त्यालाही हवंच. बिअर्डेड कोली स्कॉटलंडच्या डोंगरांवर मेंढपाळाच्या नजरेआड काम करायचा, स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा आणि भुंकून कळप हलवायचा. म्हणून तो उड्या मारतो, भुंकतो आणि कंटाळला की स्वतःच काम शोधतो. त्याला फिरण्याशिवाय वास घेऊन वस्तू शोधण्यासारखे डोक्याचे खेळ लागतात. घरात लहान मुलं असतील तर दोघांकडेही लक्ष हवं: ओल्ड इंग्लिश धक्के देऊन मुलांना वळवू बघतो, कोली आनंदाच्या भरात अंगावर झेपावतो. दमट उकाड्यात दोघांचेही हाल होतात. फिरणं पहाटे आणि दिवस मावळल्यावरच.

आजारांत ओल्ड इंग्लिशमध्ये खुब्याचा दोष, डोळ्यांचे विकार आणि थायरॉइड मंदावणं आढळतं. काहींमध्ये एमडीआर१ जनुकातला बदलही असतो. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखी परजीवींवरची औषधं जास्त मात्रेत घातक ठरतात. कोलीत अ‍ॅडिसन म्हणजे मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कमी काम करण्याचा आजार लक्षात ठेवा. वारंवार उलट्या, अशक्तपणा, मलूलपणा दिसला तर पशुवैद्याला या आजाराची रक्ततपासणी करायला सांगा. उपचार जन्मभर चालतात, पण कुत्रा चांगला जगतो.

ब्रीडरकडे गेलात की पिल्लाच्या रंगावर भाळू नका, दोन्ही जातींत तो वाढीबरोबर बदलतो. पिल्लाची आई बघा, तिच्या केसांतून स्वतः कंगवा फिरवून बघा. आईवडिलांच्या खुब्याचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद मागा. दाखवायला टाळाटाळ झाली तर पिल्लू कितीही गोड असलं तरी दुसरीकडे बघा.